डाव्या पापणीचे चाळीस दिवस

छत्तिसाव्या दिवशी सकाळी मृण्मयी दात घासत होती, तेवढ्यात बेसिनवर ठेवलेला फोन बोलला, "नमस्कार मृण्मयीताई. आज तुम्ही तुमच्या पापणीवर समाधानी आहात का?"

तिने तोंडातला फेस थुंकला. "नाही."

"ऐकून वाईट वाटलं," फोन म्हणाला. त्याला काही वाईटबिईट वाटलेलं नव्हतं. "पापणी पक्की करायला आता चारच दिवस उरले आहेत. कृपया सरळ कॅमेऱ्यात बघा."

तिने बघितलं. छत्तीस दिवस रोज बघत होती. दवाखान्याचं ते ॲप तिचे दोन्ही डोळे मोजायचं, कालचं बरं होतं की आजचं ते सांगायचं, आणि शेवटी अंगठा वर केलेलं एक चित्र दाखवायचं. त्या अंगठ्याचा तिला इतका वीट आला होता की एकदा फोन बादलीत बुडवावा असं तिच्या मनात येऊन गेलं होतं.

आता हे पापणीचं प्रकरण नीट सांगायलाच हवं. मृण्मयी मोकल पेणची, वय चौतीस, कबड्डीची पंच. जन्मापासून तिच्या उजव्या पापणीला छान घडी पडायची आणि डाव्या पापणीला पडायचीच नाही. डावी आपली सपाट, जराशी जड. घरात कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं, तिलाही नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी नागोठण्याच्या सामन्यात तिने कौस्तुभ भगतला बाद दिलं. कौस्तुभ म्हणजे जिल्ह्यातला एक नंबरचा चढाईपटू आणि भांडणातही एक नंबरचा. तो मैदानाच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "मॅडम, आधी दुसरा डोळा उघडा, मग निर्णय द्या." प्रेक्षक हसले, कुणीतरी त्याची चित्रफीत केली, आणि पुढे रायगड जिल्ह्यातल्या ज्या मैदानावर मृण्मयी शिट्टी घेऊन उभी राहील तिथे ते वाक्य तिच्या आधी येऊन बसलेलं असायचं.

एवढ्यावर भागलं असतं तरी तिने सोडून दिलं असतं. पण राज्याच्या पंच मंडळावर जिल्ह्यातून एकच जागा होती, आणि निवडीच्या तक्त्यात एक रकाना होता: 'पंचाचा प्रभाव, दहा गुण'. मागच्या वर्षी तिला त्यात तीन मिळाले आणि चार गुणांनी जागा गेली. निर्णय सगळे बरोबर होते, एकही उलटला नव्हता. आता वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. ती तडक पनवेलला डॉ. ऊर्जिता साठ्ये यांच्याकडे गेली.

डॉक्टरांनी तिला कागदावर डोळा काढून समजावलं. "पापणी वर उचलणारा एक स्नायू असतो. त्याचे बारीक धागे कातडीला चिकटलेले असले, की डोळा उघडताना कातडी आत ओढली जाते आणि घडी पडते. तुमच्या डाव्या पापणीत ते धागे जवळपास नाहीतच. पूर्वी आम्ही कापायचो, कातडी स्नायूला शिवायचो आणि देवाचं नाव घ्यायचो. सूज उतरायला महिने लागायचे. घडी दोन केस वर बसली की डोळा बटाट्यासारखा, दोन केस खाली बसली की शिवून उपयोग शून्य."

"आणि आता?"

"आता आम्ही फिरता टाका घालतो. हा धागा एरवी घट्ट असतो, पण विशिष्ट रंगाचा प्रकाश बाहेरून पडला की थोडा वेळ मऊ होतो, आखडतो किंवा सैल पडतो." त्यांनी पेन्सिलीएवढी पांढरी कांडी टेबलावर ठेवली. "ही पापणीवरून फिरवायची. घडी वर हवी तर वर, खाली हवी तर खाली. घरीच. मनासारखी झाली, की कांडीची दोन्ही टोकं दहा सेकंद दाबून धरायची, म्हणजे धागा कायमचा कडक होतो. फक्त चाळीस दिवसांच्या आत. त्यानंतर शरीर धाग्याभोवती स्वतःचं जाळं विणायला लागतं, मग पापणी धड मिटत नाही."

"म्हणजे समाधानाची खात्री," मृण्मयी म्हणाली. बाहेरच्या फलकावर तसंच लिहिलेलं होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "खरं सांगू? कापून शिवायचो तेव्हा लोक पंधरा दिवस रडायचे, मग सवय व्हायची, मग खूश असायचे. आता सवय व्हायला वेळच मिळत नाही. हा टाका आल्यापासून माझ्याकडे तक्रारी तिप्पट झाल्यात. एकच सांगते, कांडी दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका."

आणि मृण्मयीने टाका घालून घरी आल्यावर पहिली गोष्ट काय केली, तर कांडी आईच्या हातात दिली. आरशात बघून स्वतःच्या पापणीवर कांडी फिरवायची म्हणजे डोळा मिटावा लागतो, आणि डोळा मिटला की दिसत नाही. आईने घडी पाडली. छान झाली. संध्याकाळी रोह्याची आत्या आली, ती म्हणाली, फारच टक लावल्यासारखं दिसतंय, आण इकडे. आत्याने खाली घेतली. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, आत्याने वाट लावली. मग वर. मग शेजारच्या पार्लरवालीने बाहेरच्या कोपऱ्याला जरा उचलली, तर ॲपने अंगठा खाली केला. छत्तीस दिवसांत एक्केचाळीस वेळा पापणी हलली. घरात जेवताना तोच विषय, कोणी दाराशी आलं की तोच विषय. दूधवाल्यानेसुद्धा एकदा मत दिलं, आणि वैताग असा की मृण्मयीने ते ऐकून घेतलं.

त्या सकाळी ॲप बंद करून तिने डॉक्टरांना फोन लावला. "मला निर्णय होत नाहीये."

"पंच आहात ना तुम्ही?" डॉक्टर म्हणाल्या. "असं करा, ज्याचा हात आणि नजर दोन्ही पक्के आहेत असं एकच माणूस धरा. तो म्हणेल ते शेवटचं. आणि लगेच पक्की करून टाका."

असं माणूस घरातच होतं, आणि छत्तीस दिवसांत त्या एकाच माणसाने तोंड उघडलं नव्हतं.

मृण्मयीचे वडील, हरेश्वर मोकल, सगळ्या पेणमध्ये आप्पा आखणीवाले. गणपतीच्या मूर्तीला सगळ्यात शेवटी डोळे काढतात, त्याला आखणी म्हणतात. अठ्ठेचाळीस वर्षं ते हेच एक काम करत होते. साच्याची यंत्रं आली, रंग फवारणारे यांत्रिक हात आले, कारखान्यात माणसं निम्मी झाली. पण डोळ्यांना यंत्र लावून बघितलं तेव्हा गिऱ्हाइकांनी मूर्ती परत आणल्या. गणपती आमच्याकडे बघतच नाही, म्हणाले. तेव्हापासून पुन्हा आप्पाच. श्रावण लागला होता आणि कारखान्यात रंगवलेल्या मूर्ती रांगेने उभ्या होत्या, कोऱ्या डोळ्यांच्या.

"मी नाही हात लावणार," आप्पा म्हणाले. "माती चुकली तर पुसता येते, बाय."

"आप्पा, बाकी सगळ्यांनी हात लावून झालाय. दूधवाला तेवढा राहिलाय."

ते हसले नाहीत. दोन दिवस त्यांनी विचार केला. अडतिसाव्या दिवशी दुपारी त्यांनी हात स्वच्छ धुतले, तिला कारखान्यात बोलावलं आणि मूर्ती ठेवतात त्या उंच चौथऱ्यावर बसवलं. स्वतः समोर नेहमीच्या पाटावर बसले. "माझ्याकडे बघ. हलू नको."

दोन तास. आप्पा कांडी फिरवायचे, मागे सरकून बघायचे, पुन्हा फिरवायचे, केसभर इकडे, केसभर तिकडे. मृण्मयीच्या पाठीला रग लागली, पण ती हलली नाही. लहानपणापासून तिने त्यांना असं मूर्तीसमोर बसलेलं बघितलं होतं, पण स्वतः मूर्तीच्या जागी बसून त्यांचा चेहरा कधी बघितला नव्हता. इतकं कुणी आपल्याकडे लक्ष देऊन बघतंय, यानेच तिला भरून आलं.

"झालं," आप्पा शेवटी म्हणाले आणि मांडीवरचा छोटा आरसा तिच्याकडे वळवला. चेहरा उलटा बघितला की चूक लगेच कळते, म्हणून तो आरसा कायम त्यांच्या मांडीवर असायचा.

मृण्मयीने आरशात बघितलं. डावा आणि उजवा, दोन्ही डोळे सारखे. ॲपचा सारखेपणा नव्हे, खरा सारखेपणा. तिने आप्पांच्या हातातून कांडी घेतली, दोन्ही टोकं दाबली आणि मोठ्याने दहा आकडे मोजले. कांडीवर हिरवा दिवा लागला. अडतीस दिवसांची कटकट संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेसिनपाशी उभी राहिली, समोरच्या आरशात बघितलं, आणि तिच्या हातातला ब्रश खाली पडला.

डावी पापणी खाली होती. पूर्वीइतकी सपाट नाही, घडी होती. पण उजवीपेक्षा चांगली गव्हाच्या दाण्याएवढी खाली. एक डोळा जागा आणि दुसरा पेंगुळलेला.

"आज तुम्ही तुमच्या पापणीवर," फोनने सुरुवात केली.

"गप बस," मृण्मयी म्हणाली.

ती तरातरा कारखान्यात गेली. "आप्पा, हे काय करून ठेवलंत?"

आप्पांनी पाटावरून मान वर करून तिच्याकडे बघितलं. "काय झालं?"

"डावा डोळा बघा की."

त्यांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. "बरोबर आहे."

"कसला बरोबर? अर्धा मिटलाय."

"मला तर सारखे दिसतात, बाय."

पुढचे दोन दिवस घरात हेच. मृण्मयी म्हणायची खाली आहे, आई म्हणायची खाली आहे, ॲप म्हणायचं खाली आहे; आणि आप्पा पाटावर बसून शांतपणे म्हणायचे, सारखे आहेत. वाद घालणारा माणूस असता तर मृण्मयी भांडली असती. पण ते आवाजही चढवत नव्हते, नुसते तिच्याकडे बघायचे आणि तेच सांगायचे. म्हातारपणी नजर गेली आहे आणि कबूल करवत नाही, असं तिने ठरवून टाकलं. एकदा तर ती बोलून गेली, "तुम्हाला आता दिसत नाही, ते तरी मान्य करा."  बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण माफी मागण्याइतकी ती शांत नव्हती.

तिसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरात फरशीवर बसून भिजवलेले वाल सोलत होती. मृण्मयी दाराशी उभी राहून तिलाच सगळं पुन्हा ऐकवत होती. निवड सामना सहा दिवसांवर आला, पक्का केलेला टाका सहा महिने उसवता येत नाही, नंतरही उसवायचा तर सरळ सुरी. आईने वर बघितलं आणि तिचे हात थांबले.

"अगं, थांब. माझ्याकडे बघ."

"काय?"

"आत्ता सारखे दिसतायत."

"आता तूही सुरू हो."

आई वालाचं ताट बाजूला ठेवून उभी राहिली. तोंडासमोर तोंड आणून बघितलं. "आता खाली." पुन्हा खाली बसली. "आता सारखे." पुन्हा उठली. गुडघे कुरकुरत होते तरी तिने ते चार वेळा केलं, आणि चौथ्या वेळी दोघींनाही एकदमच कळलं.

डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चौथऱ्यावर बसून तुम्ही त्यांच्याकडे खाली बघत होतात?"

"हो. आणि आरसासुद्धा खालीच होता."

"खाली बघताना पापणी उतरते आणि घडी उलगडते. पण खरा स्नायू जितका सैल पडतो तितका माझा धागा पडत नाही. म्हणून पापणी नेहमी सरळ नजरेत जुळवायची असते. त्यांनी ती खालच्या नजरेत जुळवली, म्हणून सरळ बघितलं की ती खाली राहते." मग पानं उलटल्याचा आवाज आला. "हे सूचनापत्रात लिहिलेलं नाही. जमिनीवर बसून कुणी पापणी लावेल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही."

आप्पांच्या मात्र दुसरं काही डोक्यातच येणं शक्य नव्हतं. गणपती मखरात बसतो आणि माणूस त्याच्यासमोर खाली बसतो. खाली बसलेल्याशी नजर जुळली पाहिजे, म्हणून आखणी पाटावर बसूनच करायची. त्यांचे गुरू तसेच बसायचे, ते तसेच बसले.

मृण्मयीने त्यांना जाऊन सांगितलं. तिला वाटलं होतं, चला, निदान नजर शाबूत आहे हे कळून त्यांना बरं वाटेल. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. हातातला कुंचला पाण्यात बुडवून धुतला, फडक्याला पुसला आणि डब्यात ठेवला.

"माझ्या पोरीला मी मूर्तीसारखं बघितलं," ते म्हणाले. "उभी राहून ती कशी दिसते, ते बघायचं मला सुचलं नाही."

त्या दिवसापासून त्यांनी कुंचला हातात घेतला नाही. चाळीस मूर्ती कोऱ्या डोळ्यांनी उभ्या. कारखान्याच्या मालकाचे फोन येत होते, आई समजावत होती, आप्पा पाटावर नुसते बसून राहत होते. मृण्मयीची चीड आता कुणावर काढावी ते तिला कळेना. पापणी गेली, निवड जाणार, आणि वर हे.

निवड सामना अलिबागला होता. समोरच्या यादीत कौस्तुभ भगतचं नाव बघून तिला हसूही येईना. निरीक्षक होत्या शरयू दळवी, बारा वर्षं राज्याच्या पंच राहून निवृत्त झालेल्या, तोंडाने फटकळ. त्या वर सज्जात टेबल टाकून बसल्या होत्या. खेळाडू आत येताना एकाने हळूच डोळा मिचकावला, दोघं हसले. मृण्मयीने शिट्टी तोंडात धरली.

तशी पंचाला हल्ली कामं कमीच. मॅटखाली स्पर्श ओळखणारी जाळी असते, रेषेवर बोट लागलं की दिवा लागतो. पण सात जण एकावर एक पडले, की कुणाचा हात आणि कुणाचा पाय ते जाळीला उमगत नाही. मग पिवळा दिवा लागतो आणि निर्णय पंचावर येतो. सगळी भांडणं त्या पिवळ्या दिव्यावर होतात.

शेवटचं मिनिट, दोन्ही संघ बरोबरीत, चढाई कौस्तुभची. त्याने कोपऱ्यातल्या बचावपटूला हात लावला आणि वळला, तोच चौघांनी त्याला धरलं. तो फरफटत मध्यरेषेकडे आला, हात लांब केला, आणि सगळा ढीग त्याच्यावर कोसळला. पिवळा दिवा लागला.

मृण्मयी तिथेच होती, दोन पावलांवर. तिने बघितलं होतं. त्याचं मधलं बोट रेषेच्या अलीकडे थांबलं होतं, वीतभर नाही, नखभर अलीकडे. तिने शिट्टी फुंकली आणि बादची खूण केली.

क्रीडागृहात एकच गलका झाला. ढीग उठला. कौस्तुभ अजून पालथाच होता. कोपरावर भार देऊन त्याने मान वर केली, तोंड उघडलं, आणि मृण्मयीने खाली त्याच्याकडे बघितलं.

ती आता आरडाओरडा ऐकण्याच्या तयारीत होती. पण कौस्तुभ तसाच बघत राहिला.  मग त्याने तोंड मिटलं, उठला, मॅटला हात लावून तो कपाळाला लावला आणि सरळ बाहेर जाऊन बसला. त्याच्या संघातले दोघं वाद घालायला धावत आले होते, त्यांना त्यानेच दंडाला धरून मागे ओढलं.

सामन्यानंतर पाण्याच्या पिंपापाशी तो तिच्या शेजारी आला. दोन वर्षांत पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "बोट पोचलं नव्हतं, मॅडम. मला ठाऊक होतं. तरी बोंब मारणार होतो, सवयच आहे. पण खालून वर बघितलं तर तुम्ही अशा बघत होतात, की खोटं बोलवेना." मग तो खाली मान घालून म्हणाला, "नागोठण्याला बोललो ते चुकलं माझं."

मृण्मयीने पिंपातून पेला भरून त्याच्यापुढे धरला. ती फक्त "बरं" म्हणाली.

शरयू दळवी सज्जातून जिना उतरून आल्या आणि त्यांनी तक्ता तिच्या हातात दिला. प्रभावाच्या रकान्यात नऊ होते. तिने ते दोनदा वाचलं.

"चेहरे बघून मी गुण देत नाही, मोकल," दळवीबाई म्हणाल्या. "तो पोरगा तोंड न उघडता बाहेर गेला, ते बघून दिलेत. मंडळाचं पत्र येईल." चार पावलं गेल्यावर त्या वळल्या. "आणि त्या डाव्या डोळ्याचं काहीतरी करा बाई. वरून अगदी झोप लागल्यासारखा दिसतो."

घरी पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. आई दारातच होती. मृण्मयीने तिला निकाल सांगितला आणि चपलासुद्धा न काढता कारखान्यात गेली. आप्पा पाटावर बसले होते, समोर कोऱ्या डोळ्यांचा गणपती. तिने सगळं सांगितलं, कौस्तुभचं बोट, पिवळा दिवा, त्याने उघडलेलं आणि मिटलेलं तोंड. आप्पा तिच्याकडे बघत होते. सांगून झाल्यावरही बघत राहिले.

"तो पडला होता," ते म्हणाले.

"पालथा. अगदी तुमच्या पाटाएवढा खाली."

 तीही त्यांच्याकडेच बघत राहिली. मग डबा उघडून कुंचला त्यांच्या हातात दिला. "आप्पा, चाळीस राहिलेत. मालकाचे फोन आता मी घेणार नाही."

त्यांनी काळा रंग कालवला. पहिला डोळा, मग दुसरा, आरशात बघून एक केस जादा. मग कधी नव्हे ते गुडघ्यावर हात टेकून उठले, मूर्तीच्या तोंडासमोर ताठ उभे राहिले आणि मान तिरकी करून बघितलं.

"काय झालं?" मृण्मयीने विचारलं.

"उभ्याने बघितलं तर हा माझ्याकडे बघतच नाही गं."

"मग आता?"

आप्पांनी थोडा विचार केला. "मग काय," ते म्हणाले आणि पाट ओढून पुन्हा खाली बसले.